कमल बस्तीचा तास आभासी जगात घ्यायचा आहे: ४८ विद्यार्थी, २४ संगणक. सुरुवात कुठून?

दुसरा_मजला_इतिहास (बेळगाव)

नमस्कार मंडळी. बी.ए. दुसऱ्या वर्षाला मध्ययुगीन दख्खनचा पेपर आहे. त्यातला स्थापत्याचा भाग स्लाईड दाखवून पोचत नाही, म्हणून किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचं त्रिमितीय मॉडेल एखाद्या आभासी जगात ठेवून मुलांना त्यात फिरवायचा विचार आहे. बीसीएची मुलं ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ते करायला तयार आहेत. लॅबमध्ये २४ संगणक आहेत, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. वर्गात मुलं ४८. कॉलेजचं इंटरनेट संध्याकाळी बरं चालतं, दुपारी राम भरोसे.

अडचणी अशा. प्लॅटफॉर्म कुठला घ्यावा? सेकंड लाइफ या आभासी जगात जागेला पैसे भरावे लागतात, हब्स हे तसंच दुसरं जग बंद झालं असं ऐकलं. चाचणी म्हणून एके ठिकाणी मराठी-कन्नड फलक लावून पाहिले तर अक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. आणि मुख्य प्रश्न, तास प्रत्यक्षात चालवायचा कसा? कणकुंबी-जांबोटीकडची चार-पाच मुलं पावसाळ्यात येऊ शकत नाहीत, त्यांचं काय करायचं तेही सांगा.

---

लॅबवाला_निपाणी

मॅडम, तुमच्याकडे जी यंत्रं आणि जे इंटरनेट आहे त्यावर एकच उत्तर बसतं: ओपनसिम्युलेटर (थोडक्यात ओपनसिम), म्हणजे स्वतःच्या संगणकावर आभासी जग चालवायचं सॉफ्टवेअर, आणि तेही कॉलेजच्याच लॅबमध्ये. बाहेरचं इंटरनेट मध्ये आणूच नका.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. सेकंड लाइफ २००३ पासून चालू आहे आणि अजून चालतं. पण २०१० च्या ऑक्टोबरात त्यांनी शिक्षणसंस्थांची सवलत काढायची घोषणा केली, तेव्हा बरीच विद्यापीठं ओपनसिमकडे वळली. २०१३ मध्ये सवलत परत आली, तरी दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधल्याची धास्ती काही गेली नाही. मायक्रोसॉफ्टचं आल्टस्पेस हे असंच आभासी जग १० मार्च २०२३ ला बंद झालं. मोझिलाने हब्सची स्वतःची सेवा ३१ मे २०२४ ला बंद केली. त्याचा कोड मात्र खुला आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो.

ओपनसिम फुकट आहे आणि सेकंड लाइफला चालणारे फायरस्टॉर्मसारखे व्ह्यूअर (जगात शिरायचं, प्रत्येक यंत्रावरचं सॉफ्टवेअर) त्यालाही चालतात. मांडणी अशी करा:

सर्व्हर म्हणून त्या २४ खेरीज एक बरा संगणक घ्या. चार कोअर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असली की २४ अवतारांना (जगात मुलांच्या वतीने फिरणाऱ्या आकृत्यांना) पुरतं. त्याला कायमचा आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०, आणि जोडणी केबलनेच करा. वायफायवर २४ यंत्रं एका अ‍ॅक्सेस पॉइंटला लोंबकळली की माहितीची पाकिटं वाटेत गळतात, अवतार रबरासारखे मागेपुढे ओढले जातात, आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो.

ओपनसिम स्टँडअलोन पद्धतीने, म्हणजे सगळं एकाच संगणकावर, चालवा. पहिल्यांदा सुरू केलं की रीजनचं (जगातल्या जमिनीच्या तुकड्याचं) नाव, पोर्ट वगैरे विचारतं. पोर्ट ९००० तसंच राहू द्या. एक रीजन म्हणजे २५६ गुणिले २५६ मीटर. कमल बस्ती आणि भोवतालचा परिसर त्यात सहज मावतो.

फायरस्टॉर्म व्ह्यूअर उतरवताना ओपनसिमला चालणारी आवृत्तीच घ्या, फक्त सेकंड लाइफसाठी असलेली नको. मग प्रेफरन्सेसमध्ये ओपनसिमच्या टॅबवर जाऊन सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट घालून ग्रिड, म्हणजे आपलं जग, जोडा.

खाती सर्व्हरच्या कन्सोलवरून बनवा. ४८ नकोत, २४ पुरेत. नावं रोमन लिपीत आणि यंत्राच्या क्रमांकावरून ठेवा. मुलांच्या नावाने केलीत की कोण कुठं बसला, पासवर्ड कुणाचा, यातच पहिला अर्धा तास जातो.

ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून प्रत्येक यंत्रावर ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दाखवायचं ते) ६४ मीटर, सावल्या बंद, पाण्याचं प्रतिबिंब बंद. आणखी एक गोष्ट नक्की तपासा. काही लॅबमध्ये रीस्टार्ट केलं की डिस्क जशीच्या तशी पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असतं. ते चालू असेल तर व्ह्यूअरची कॅश (एकदा उतरवून ठेवलेला साठा) दर वेळी पुसली जाते आणि २४ यंत्रं एकाच वेळी सगळी टेक्स्चरं, म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली चित्रं, पुन्हा मागतात. कॅशचं फोल्डर त्या संरक्षणातून बाहेर काढून घ्या.

हेस्कॉमची वीज गेली तर? सर्व्हरला यूपीएस सगळे लावतात, नेटवर्क स्विचला लावायचं विसरतात. मग सर्व्हर जिवंत आणि वर्ग मेलेला. मुळात येणारा एसक्यूलाइटचा डेटाबेस अचानक वीज गेल्यावर खराब होऊ शकतो, म्हणून मारियाडीबी हा डेटाबेस वापरा आणि रोज रात्री रीजनची ओएआर फाइल, म्हणजे त्याची प्रत, काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. ती एक फाइल असली की रीजनमधलं सगळं बांधकाम दुसऱ्या संगणकावर तासाभरात उभं राहतं, खाती तेवढी वेगळी बनवावी लागतात.

---

ब्लेंडर_खानापूर

मॉडेलबद्दल. बीसीएच्या मुलांना आधी हे सांगा की ब्लेंडरमध्ये सुंदर दिसणारं मॉडेल आणि जगात चालणारं मॉडेल या वेगळ्या गोष्टी आहेत.

फोटोंवरून मॉडेल करणार असाल तर लागोपाठच्या दोन फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. फ्लॅश नको, एक्स्पोजर आणि फोकस लॉक. घासून चकचकीत केलेला दगड त्रास देतो, कारण चमक फोटोगणिक जागा बदलते आणि सॉफ्टवेअरला तिथं बिंदू जुळवता येत नाहीत. मॉडेलला त्या जागी भोकं पडतात. असे खांब हाताने मोजून ब्लेंडरमध्ये फिरवूनच काढा, नाहीतरी ते लेथवर कातल्यासारखेच आहेत. फोटोंवरून मॉडेल बनवणाऱ्या मेशरूमला एनव्हिडियाचं कार्ड लागतं, ते तुमच्या लॅबवर होणार नाही. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा ट्रायपॉड किंवा ड्रोन न्यायचा तर आधी लेखी परवानगी. माप जुळवण्यासाठी दोन ठळक बिंदूंमधलं अंतर टेपने मोजून आणा, त्यावरून सगळं मॉडेल एका मीटरला एक एकक असं बसवा.

आता जगात आणताना काय बिघडतं:

सगळ्यात आधी दार. मेश (ब्लेंडरमधून आणलेला जाळीचा आकार) चढवलं की त्याचा भौतिक आकार, म्हणजे अवतार ज्यावर अडतो तो, मुळात बहिर्वक्र धरला जातो, म्हणजे वस्तूवर ताणून चादर टाकावी तसा. डोळ्याला दार उघडं दिसतं आणि अवतार त्यावर आपटतो. उपाय दोन. चढवतानाच भिंती-जमिनीची साधी, वेगळी भौतिक मेश द्या आणि नंतर वस्तूच्या फीचर्समध्ये फिजिक्स प्रकार प्रिम करा. नाहीतर मेशचा भौतिक आकार नन ठेवून भिंतींच्या जागी अदृश्य ठोकळे उभे करा. दुसरा उपाय दिसायला गावठी, पण कमी बिघडतो.

टेक्स्चर. १०२४ गुणिले १०२४ चं एक चित्र ग्राफिक्सच्या मेमरीत साधारण ४ एमबी खातं. फाइल डिस्कवर ३०० केबीची आहे म्हणून फसू नका, मेमरीत ती उलगडूनच बसते. ५१२ चं चित्र १ एमबी. तुमच्या यंत्रांवर भिंतींना ५१२ पुरे. १०२४ फक्त छतातल्या कमळाला आणि द्वारशाखेला (दाराच्या कोरीव चौकटीला). एका मेशला जास्तीत जास्त आठ मटेरियल मिळतात, त्याचं नियोजन ब्लेंडरमध्येच करा.

उजेड. आत अंधार आहे म्हणून मुलं दिवे लावत सुटतात. साध्या ग्राफिक्सवर व्ह्यूअर जवळचे मोजकेच दिवे धरतो, मग चालता चालता एक खांब उजळतो, दुसरा विझतो. दिवे लावूच नका. ब्लेंडरमध्ये उजेड टेक्स्चरमध्ये भाजून घ्या आणि जगात त्या वस्तूला फुल ब्राइट करा, म्हणजे ती बाहेरच्या उजेडावर अवलंबून राहत नाही.

कॅमेरा. व्ह्यूअरचा कॅमेरा अवतारामागे, थोडा वर असतो. ठेंगण्या मंडपात तो छतात घुसतो, म्हणून सेकंड लाइफमधले लोक इमारती सव्वापट-दीडपट मोठ्या बांधतात. इतिहासाच्या तासाला असलं माप चालणार नाही. माप खरंच ठेवा आणि मुलांना एम हे बटण शिकवा, म्हणजे अवताराच्या डोळ्यांतून दिसतं. छताकडे बघायला ऑल्ट धरून माउस ओढायचा, परत यायला एस्केप.

शेवटचं, फुटलेल्या अक्षरांचं. या व्ह्यूअरची स्वतःची अक्षररचना देवनागरी किंवा कन्नडची जोडाक्षरं बसवत नाही, एकेक चिन्ह सुटं ओळीत मांडते. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते. फॉन्ट बदलून फरक पडत नाही. मजकूर लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये दोन्ही भाषांत लिहून १०२४ गुणिले ५१२ चं चित्र काढा आणि फलकावर टेक्स्चर म्हणून लावा. मजकूर वारंवार बदलायचा असेल तर फलकाच्या एका बाजूला मीडिया म्हणून वेबपान लावा. ते आतल्या ब्राउझरमधून येतं, तिथं दोन्ही लिप्या नीट दिसतात. पण एकाच वेळी असे दोन-तीन फलकच, प्रत्येक फलक म्हणजे एक वेगळा ब्राउझर चालू.

---

शनिवार_खूट

एक विचारू का? कमल बस्ती किल्ल्यात उभी आहे, शहरातल्या शहरात. मुलांना बसमध्ये घाला आणि घेऊन जा की. एवढा खटाटोप कशाला?

---

तास_आणि_पाटी

शनिवार_खूट यांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. प्रत्यक्ष जागा वीस मिनिटांवर असताना तिची नक्कल दाखवणं हा वेळेचा अपव्ययच. म्हणून क्रम उलटा नको: आधी किल्ल्यात जाऊन या, मग लॅबमध्ये बसा. आणि लॅबमध्ये जे कराल ते किल्ल्यात करता येणार नाही असंच हवं. प्लॅटफॉर्मपेक्षा मी इथं जास्त वेळ घालवीन.

किल्ल्यात काय करता येत नाही? छतातून खाली उतरलेलं ते दगडी कमळ मान वर करकरून बघावं लागतं आणि दोन मिनिटांत मान दुखते. मॉडेलमध्ये त्याची एक प्रत डोळ्यांच्या उंचीवर आणून ठेवा, मुलं भोवती फिरून पाकळ्यांचे थर मोजतील. दुसरं, तुलना. कमल बस्ती १२०४ मधली, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने बांधलेली. कित्तूरजवळचं देगावचं कमलनारायण मंदिर बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. खानापूर तालुक्यात हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर आहे, तेही कदंबांचंच. या तिन्हींचा एकेक खांब, एकाच मापात, शेजारी शेजारी उभा करा. शेजारशेजारच्या राजवटींची बांधकामं, त्यात कारागिरीचं काय सारखं आणि काय वेगळं, हा प्रश्न मुलांना तिथं विचारता येतो. बसमधून तीन ठिकाणं फिरलात तर तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत पहिला खांब डोळ्यांसमोरून गेलेला असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची: नसलेला भाग. जिथं पडझड झाली आहे तिथं मॉडेल करणारा काहीतरी भरतोच. लंडन चार्टर म्हणून संगणकीय पुनर्रचनेची जी तत्त्वं आहेत त्यांचा गाभा हाच, की पुरावा कुठं संपतो आणि अंदाज कुठं सुरू होतो ते पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. मोजून केलेला भाग दगडाच्या रंगात, अंदाजाचा भाग फिकट निळ्यात ठेवा. मग मुलांना विचारा, हा निळा भाग कशावरून भरला? दुसरा पर्याय काय असता? कित्तूरच्या वाड्याचे आज अवशेषच उरले आहेत, तिथं तर हा प्रश्न पावलोपावली येतो. पुढच्या वर्षी तो घ्या.

आता तास. ५५ मिनिटांच्या तासिकेत हे बसत नाही, प्रॅक्टिकलसारखी जोड तासिका मागून घ्या. ४८ मुलं दोघादोघांत बसवा: एक चालवणारा, एक नोंद घेणारा. नोंद कागदावर, पडद्यावर नाही. मध्यावर अदलाबदल सक्तीची, नाहीतर ज्याला गेम खेळायची सवय आहे तोच शेवटपर्यंत माउस सोडत नाही.

पहिल्या तासाला विषय शिकवायचाच नाही. चालणं, बसणं, कॅमेरा फिरवणं, एम आणि एस्केप, एवढंच. त्यासाठी बस्तीपासून लांब, रीजनच्या कोपऱ्यात मोकळं मैदान ठेवा. टोप्या बदलणं, एकमेकांवर उड्या मारणं तिथं होऊन जाऊ द्या. ते दाबलंत तर मूळ तासाला बाहेर येतं.

दुसऱ्या तासाला पहिली दहा मिनिटं लॉगिनला धरा. मग सगळ्यांना एकदम मंडपात सोडू नका. २४ अवतार एका ठिकाणी उभे राहिले की यंत्रंही अडखळतात आणि कुणाला काही दिसतही नाही. चार थांबे करा: द्वारशाखा, मंडपाचे खांब, खाली आणलेलं कमळ, तुलनेचे तीन खांब. प्रत्येक थांब्यावर सहा अवतार, पंधरा मिनिटं, मग सरकायचं. थांब्यावर बसायला दगडी बाक ठेवा. बसलेल्या अवताराचा हालचालीचा भार सर्व्हरवर जवळजवळ पडत नाही, आणि मुलंही जागेवर राहतात.

थांब्यावरचा प्रश्न बघून उत्तर देता येईल असा हवा. "कमल बस्तीची वैशिष्ट्ये सांगा" असा प्रश्न घातलात तर मुलं गाइड उघडतील. "या खांबाचे कातलेले टप्पे खालून वर काढा आणि कोणत्या टप्प्याला आकार गोलाचा चौकोनी होतो ते दाखवा" असा घाला.

स्लाईडचं व्याख्यान आत नेऊन लावू नका. आभासी सभागृहात आभासी पडद्यावर पीपीटी, हे बघून बघून कंटाळा आला आहे. जे बोलायचं ते तास संपताना, व्ह्यूअर बंद करून, फळ्यासमोर.

आणि तांत्रिक मदतीला एक माणूस वेगळा हवा. शिकवणारा आणि यंत्रं सांभाळणारा एकच असला की दोन्ही कामं पडतात.

---

दुसरा_मजला_इतिहास

सगळ्यांचे आभार. शनिवार_खूट, किल्ल्याची फेरी आता आधी ठेवते, पटलं.

ओपनसिम बसवलं. सर्व्हरवरच फायरस्टॉर्म उघडलं तर छान आत जातो. दुसऱ्या यंत्रावरून नाव-पासवर्ड घेतो, पट्टी पुढं सरकते आणि "रीजन हँडशेक"ची वाट बघतोय म्हणून तिथंच थांबतो. शिवाय सर्व्हरवर अवतार माणूस न दिसता नुसता ढग दिसतो. आणि बोलण्यासाठी आवाजाचं काय?

---

लॅबवाला_निपाणी

हँडशेकवर अडकणं म्हणजे लॉगिन झालं, रीजनपर्यंत पोचता आलं नाही. नेटवर्कवर माहिती पाठवायच्या दोन पद्धती, टीसीपी आणि यूडीपी: लॉगिन टीसीपीवरून जातं, रीजनशी बोलणं यूडीपीवरून. कारणं दोनच. एक, रीजनच्या फाइलमध्ये एक्स्टर्नल होस्टनेम १२७.०.०.१ राहिलंय. म्हणजे सर्व्हर प्रत्येक यंत्राला सांगतोय की रीजन तुझ्याच पोटात आहे. तिथं १९२.१६८.१.१० घाला आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. दोन, विंडोज फायरवॉलमध्ये ९००० पोर्ट टीसीपीला उघडं आणि यूडीपीला बंद. दोन्हीचे नियम वेगवेगळे घालावे लागतात. तुमचं सर्व्हरवरून चालतंय आणि बाहेरून नाही, म्हणजे आधी पहिलं तपासा.

ढग म्हणजे अवताराची कातडी-कपड्यांची टेक्स्चरं एकत्र होऊन आली नाहीत. कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकदम दाबून बघा. तरी ढगच राहिला तर त्या खात्याला मुळातच अंगभर कपडे-केस मिळालेले नाहीत. एक अवतार पूर्ण तयार करा आणि नवीन खाती बनवताना त्याला नमुना म्हणून द्या.

आवाज: एकाच लॅबमध्ये बसलेल्यांना आवाज लागतच नाही. २४ माइक एका खोलीत चालू केलेत तर नुसता घुमारा होईल. बंदच ठेवा.

आणि इस्टेटच्या सेटिंगमध्ये बांधकाम, उडणं, ढकलणं बंद करायला विसरू नका. मैदानाचा तुकडा वेगळा पार्सल करून फक्त तिथं बांधकाम उघडं ठेवा.

---

ब्लेंडर_खानापूर

कणकुंबीकडच्या मुलांसाठी: त्यांच्याकडे फोनच असणार. फायरस्टॉर्म फोनवर चालत नाही, तेव्हा त्यांना ओपनसिममध्ये ओढायचा हट्ट नको. तेच मॉडेल ब्लेंडरमधून जीएलबी फाइल (ब्राउझरला चालणारा त्रिमितीय प्रकार) म्हणून काढा. ५०,००० त्रिकोणांच्या आत, २५ मटेरियलच्या आत, फाइल १६ एमबीच्या आत. हब्ससाठी खोल्या बनवताना हीच मर्यादा सांगितली जायची, साध्या फोनला ती अजून लागू पडते. मॉडेल ब्राउझरमध्ये फिरवून बघता येईल असं एक साधं वेबपान करा. रेंज आली की एकदा उतरवायचं, मग ऑफलाइन बघायचं.

त्यांना थेट बोलायला घ्यायचं असेल तर मम्बल या फक्त आवाजाच्या सॉफ्टवेअरचा छोटा सर्व्हर लावा. एका बोलणाऱ्याला ४० केबीपीएसच्या आसपास पुरतं, म्हणजे व्हिडिओ कॉल तुटतो तिथंही आवाज टिकतो. पुश टू टॉक, म्हणजे बटण दाबलं तरच आवाज जाणं, सक्तीचं. प्रत्येक थांब्याला एक चॅनल करा, घरचा मुलगा आपल्या गटाबरोबर चॅनल बदलत जाईल, लॅबमधल्या त्याच्या गटातल्या एकाच यंत्राला हेडफोन. पोर्ट ६४७३८, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. बाहेरून पोचायला कॉलेजच्या राउटरवर ते वळवून घ्यावं लागेल. तुमच्या फायबरवाल्याने स्वतःचा सार्वजनिक आयपी दिलेला नसेल तर राउटरवर कितीही वळवलं तरी बाहेरून कुणी येणार नाही. हे त्याला आधी विचारा.

---

तास_आणि_पाटी

त्या मुलांना गटात नोंद घेणाऱ्याचं काम द्या. लॅबमधला माउस धरून हिंडतो, घरचा विचारतो, "थांब, तो पट्टा पुन्हा दाखव, वर किती कोन आहेत मोज." समोर बसलेला जे न बघता पुढं जातो ते शब्दांत सांगायला लागलं की त्याला बघावंच लागतं. किल्ल्याच्या फेरीला ही मुलं आली नसतील तर त्यांच्याकरता द्वारशाखेचा थांबा पहिला ठेवा. तिथूनच बस्तीत शिरायचं असल्याने बाकीच्या थांब्यांची दिशा त्यांना आपोआप लागते.

गुण देताना मॉडेलमध्ये किती वेळ घालवला ते मोजू नका. सर्व्हरच्या नोंदीत लॉगिनची वेळ मिळते, पण चहाला गेलेल्याचाही अवतार आत बसलेलाच असतो. थांब्यांच्या चार कागदांवर द्या, आणि निळ्या भागावरच्या प्रश्नाला सर्वांत जास्त.